कोल्हापूरची गाडी बंगळूरला नेताना विम्याचा दर कसा ताडून बघायचा

माझ्या भाच्याची बदली झाली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यातून थेट बंगळूरला, पीण्या या औद्योगिक भागात. घरात सगळे भाड्याचं घर, पोरीची शाळा, सामानाचा टेम्पो यात बुडालेले. आणि जायच्या आधी महिनाभर त्याचा मला फोन आला, "आत्या, गाडीचा विमा संपत आलाय. एक जण म्हणतो राज्य बदललं की प्रीमियम दुप्पट होतो. दुसरा म्हणतो काही फरक पडत नाही. तू तरी बघ की."

त्यानं मला विचारलं त्याला कारण आहे. मी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत सव्वीस वर्षं खरेदी बघते. पिग आयर्न, कोक (भट्टीत जाळायचा कोळसा), बेंटोनाइट, भट्टीचं अस्तर, सगळ्याचे दर मागवायचे, एका कागदावर आडव्या-उभ्या ओळी मारून ते शेजारी शेजारी मांडायचे आणि मालकांसमोर ठेवायचे. या कागदाला आम्ही कंपॅरेटिव्ह म्हणतो. गाडीच्या विम्याचं मी तसंच केलं. दोन रविवार गेले. पण त्यात जे कळलं ते गाव सोडून निघालेल्या प्रत्येकाच्या कामाचं आहे, म्हणून सगळं लिहून ठेवते.

गाडी साधी, 1197 सीसीची पेट्रोल, एमएच 09, सातव्या वर्षात पडलेली, एकही क्लेम नाही. खाली जे आकडे येतील ते या गाडीचे धरा. तुमच्या गाडीचे वेगळे येतील, रीत मात्र हीच.

आधी प्रीमियमची फोड करा

कोटेशनच्या तळाशी एकच रक्कम असते आणि लोक तीच बघतात. ती झाका. वर जा.

पहिला भाग थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नं हा सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवतं आणि तो अख्ख्या देशात एकच. 1 जून 2022 पासूनचा तक्ता असा: हजार सीसीपर्यंत 2,094 रुपये, हजार ते दीड हजार सीसी 3,416 रुपये, त्यावर 7,897 रुपये. गाडी रंकाळ्यावर उभी असो की मॅजेस्टिकला, हा आकडा हलत नाही. भाच्याचे 3,416 तिथंही 3,416. कुणी एजंट "तिकडं थर्ड पार्टी महाग आहे" म्हणाला तर त्याच्याकडून पुढचं काही ऐकायचं कारण उरत नाही.

दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला ओन डॅमेज म्हणतात. फरक पडतो तो इथं. 2007 च्या सुरुवातीपासून या भागाचे दर कंपन्यांना मोकळे आहेत. त्याआधी सगळ्यांना एकच दरपत्रक होतं आणि त्यात देशाचे दोन झोन पाडलेले होते. झोन ए मध्ये आठ शहरं: मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, बंगळूर, अहमदाबाद. उरलेला सगळा देश झोन बी. कंपन्यांचा हिशोब अजूनही बहुतेक या जुन्या दरावरून सुरू होतो आणि मग त्यावर त्या सूट देतात. झोन ठरतो तो गाडी कुठल्या आरटीओत नोंदली आहे त्यावरून.

आता हे नीट बघा, कारण सगळा घोळ इथंच होतो. कोल्हापूरचा माणूस बेळगावला गेला, केए 22 नंबर घेतला, तरी झोन बी चा बीच राहिला. पणजीला गेला तरी तेच. आणि राज्य न सोडता पुण्यात जाऊन गाडी तिथं नोंदवली तर झोन ए. म्हणजे दराच्या हिशोबात राज्याची हद्द येतच नाही, शहर येतं. कोगनोळीचा नाका ओलांडला म्हणून कुठल्याही कंपनीचा दर बदलत नाही.

आणि झोन बदलल्यानं किती वाढतं? जुन्या दरपत्रकात पाच ते दहा वर्षांच्या, हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी गाडीला झोन बी चा दर गाडीच्या किमतीच्या 3.351 टक्के आणि झोन ए चा 3.447 टक्के. गाडीची विमा किंमत चार लाख धरली तर इकडं 13,404 आणि तिकडं 13,788. फरक 384 रुपयांचा.

पण हा मूळ दर झाला. खरा फरक पाडते ती त्यावरची सूट. तिचा तक्ता कंपनी कुणाला दाखवत नाही. आमच्या एमएच 09 वर एका कंपनीनं साठ टक्के सूट लावली होती. बंगळूरचा आरटीओ घातल्यावर तीच पन्नास झाली. करून बघा. कोल्हापुरात 13,404 चे उरले 5,362, त्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे मागच्या वर्षांत क्लेम न घेतल्याबद्दलची सूट, पन्नास टक्के, राहिले 2,681. बंगळुरात 13,788 चे 6,894, बोनसनंतर 3,447. दोन्हीत थर्ड पार्टीचे 3,416 मिळवा आणि 18 टक्के जीएसटी लावा. कोल्हापूर 7,194, बंगळूर 8,098. नऊशे रुपयांचा फरक. दुप्पट नाही, आणि शून्यही नाही.

सगळ्यांना एकच इन्क्वायरी

फाउंड्रीत नवीन पोरगं खरेदीला बसलं की मी त्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवते. कोकचा एक दर भाड्यासकट असेल आणि दुसरा भाडं सोडून असेल तर ती तुलना फाडून टाकायची. ओलावा किती, राख किती, पोच कुठं, हे सगळ्यांना एकसारखं लिहून द्यायचं आणि मगच दर मागायचा.

विम्याच्या दरात हे "भाडं" पाच ठिकाणी लपलेलं असतं, आणि सगळ्यात मोठं आयडीव्हीत. आयडीव्ही म्हणजे गाडी पूर्ण गेली किंवा चोरीला गेली तर मिळणारी रक्कम. पाच वर्षांपर्यंत तिचा घसारा ठरलेला आहे: पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, मग 30, 40 आणि पाचव्या वर्षाअखेर 50. पाच वर्षांनंतर मात्र कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची. त्यामुळे जुन्या गाडीला एक कंपनी 3,20,000 धरते आणि दुसरी 4,25,000. ज्यानं कमी धरली त्याचा प्रीमियम अर्थातच कमी दिसतो. मी बाजारात तशाच गाडीची किंमत काय चाललीय ते दोन ठिकाणी विचारलं आणि सगळ्यांना कळवलं, 4,00,000 धरून दर द्या.

दुसरं व्हॉलंटरी डिडक्टिबल. प्रत्येक क्लेममागं ठरावीक रक्कम आपण सोसायची, त्याबदल्यात प्रीमियममध्ये सूट. सक्तीची रक्कम दीड हजार सीसीपर्यंत 1,000 आणि त्यावर 2,000 रुपये असतेच. त्यावर जे ऐच्छिक ते काही कोटेशनात न सांगता 5,000 घातलेलं असतं. ज्या माणसाला रोज नव्या शहराच्या गर्दीत गाडी घालायची आहे त्यानं पहिल्या वर्षी हे घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. वाचतात काही शेकडे, आणि एक बंपर गेला की हातचे पाच हजार जातात.

बंपरवरून तिसरं, झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांच्या किमतीतून घसारा न कापण्याचं जादा कवच. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या नव्या भागाची निम्मी किंमत कंपनी देते, निम्मी आपण. फायबरच्या भागांना 30 टक्के कपात, काचेला काही नाही. आजच्या गाडीत पुढचं-मागचं सगळं प्लास्टिकच, त्यामुळं हे "निम्मं" जाणवण्याइतकं मोठं होतं. झिरो डेप जुन्या गाडीला सगळ्या कंपन्या देत नाहीत. पाच वर्षांच्या पुढं कोण देतं हे विचारूनच यादी करा. माझ्या यादीतली एक कंपनी इथंच गळाली.

चौथा पर्सनल अॅक्सिडेंटचा भाग, मालक-चालकाचा, पंधरा लाखांचा. तो सक्तीचा आहे, पण आपल्या नावावर दुसऱ्या वाहनाच्या पॉलिसीत तो आधीच असेल किंवा तेवढ्या रकमेची वेगळी अपघात पॉलिसी असेल तर पुन्हा घ्यावा लागत नाही. भाच्याच्या मोटारसायकलच्या पॉलिसीत तो होता. एका एजंटनं गाडीच्या कोटेशनात परत घातलेला, आम्ही काढायला लावला. मात्र मोटारसायकल विकली आणि ती पॉलिसी संपली की हेही कवच जातं, हे त्याला कागदावर लिहून दिलंय.

पाचवं इंजिनाचं संरक्षण, इंजिन प्रोटेक्ट. यावर मला जरा जास्त बोलायचंय.

पाणी

जुलै 2021. आम्ही नागाळा पार्कात राहतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43. कोल्हापूरच्या पोरांना हे दोन आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. 2019 च्या ऑगस्टचा अनुभव गाठीशी होता, तरी पाणी चढताना माणूस गोंधळतो. पार्किंगमध्ये चाकं बुडली तेव्हा ह्यांनी घाईनं गाडी बाहेर काढायला सेल्फ मारला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आवाज आला आणि बंद पडली ती पडलीच. पाणी हवेच्या वाटेनं सिलिंडरात गेलेलं. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबू शकत नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला.

पूर ओसरल्यावर क्लेम टाकला. सीट, गालिचे, वायरिंग याचे पैसे मिळाले. इंजिनाचे नाकारले. कंपनीचं म्हणणं असं की, पुरानं झालेलं नुकसान आम्ही देतो, पण पाण्यात इंजिन चालू केल्यामुळं झालेलं हे नंतरचं नुकसान आहे, आणि इंजिन प्रोटेक्ट तुमच्याकडं नाही. नियम तसाच होता. मी तो आधी वाचलेला नव्हता. 74,000 रुपये घरातून गेले.

भाचा म्हणाला, "आत्या, मी तर पंचगंगेपासून लांब चाललोय, ते इंजिनाचं काढून टाकू की." मी त्याला सप्टेंबर 2022 आठवून दिलं, बंगळूरच्या आऊटर रिंग रोडवर आणि त्याच्या आसपासच्या वसाहतींत गाड्या कशा तरंगत होत्या ते. मोठी नदी नसलेल्या शहरात तळ्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या की पाणी जाणार कुठं? शिवाय गणपतीला, दिवाळीला तो इकडं येणार, आणि पावसाळ्यात शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी येतं हे आपण दोन्ही पुरांत बघितलंय. इंजिन प्रोटेक्ट ठेवायचं ठरलं. आणि ते असलं तरी पाण्यातली गाडी सुरू करायची नाही, टो करून न्यायची. काही पॉलिसींत हे कवच घेऊनही पाण्यात सेल्फ मारल्यावर पैसे अडवण्याची अट असते. ती अट शोधून वाचा.

दोन रकाने

आता खरी तुलना. प्रत्येक कंपनीकडून दोन दर मागायचे: एक आजच्या एमएच 09 नंबरवर, दुसरा तीच गाडी नव्या शहराच्या आरटीओत नोंदली तर. कंपन्यांच्या ऑनलाइन पानांवर नंबर टाकला की बाकी सगळं आपोआप भरतं, त्यामुळं दुसरा दर तिथं सहसा मिळत नाही. "नंबर नाही, आरटीओ निवडा" असा पर्याय असेल तर वापरा, नाहीतर फोन करून ईमेलवर मागवा. तोंडी सांगितलेला दर आमच्या धंद्यात दर नसतो.

पहिल्या फेरीत, म्हणजे जसे आले तसे, एमएच 09 वर तीन दर होते: 6,480, 8,350 आणि 10,870. भाच्यानं लगेच पहिल्यावर बोट ठेवलं. मग मी तिघांनाही एकच इन्क्वायरी पाठवली: आयडीव्ही चार लाख, ऐच्छिक डिडक्टिबल नाही, झिरो डेप हवं, इंजिन प्रोटेक्ट हवं, रस्त्यात मदतीची सोय हवी, पर्सनल अॅक्सिडेंट नको, बोनस पन्नास टक्के. परत आलेले दर: पहिली 10,140, दुसरी 9,620, तिसरी 9,780. सगळ्यात स्वस्त होती ती सगळ्यात महाग झाली आणि सगळ्यात महाग होती ती खाली आली, कारण तिनं नको असलेल्या दोन-तीन गोष्टी आत घातल्या होत्या.

पहिली बाजूला ठेवली. उरलेल्या दोघींचा बंगळूरचा रकाना भरला. दुसरी 10,560. तिसरी 10,010. बघा, कोल्हापुरात दुसरी स्वस्त, बंगळुरात तिसरी. प्रत्येक कंपनीचा एकेका शहरातला क्लेमचा अनुभव वेगळा, सूट वेगळी. म्हणून "माझी इथली कंपनी स्वस्त आहे, तिथंही तीच घेतो" हे चालत नाही.

मग घ्यायची कुठली? भाचा गाडी लगेच केए करणार नव्हता. कायद्याच्या कलम 47 प्रमाणं गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो. सहा-आठ महिन्यांत बदली पक्की झाली की करू, असं त्याचं म्हणणं. आठ महिन्यांनी नंबर बदलला तर उरलेल्या चार महिन्यांचा फरक कंपनी मागणार. दुसऱ्या कंपनीचा वर्षाचा फरक 940, चार महिन्यांचा 313, एकूण 9,933. तिसरीचा वर्षाचा 230, चार महिन्यांचा 77, एकूण 9,857. शहात्तर रुपयांसाठी कुणी निर्णय करत नाही, मीही केला नाही. पण तिसऱ्या कंपनीची कॅशलेस गॅरेजं त्याच्या नव्या घरापासून चार किलोमीटरच्या आत तीन होती. दुसरीची एक, तीही शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोख भरून नंतर परतावा मागायचा म्हणजे काय हे ज्यानं सोसलंय त्याला या ओळीचं वजन कळेल. गॅरेजांची यादी बघताना कोल्हापूरचीही बघा, सुट्टीत गाडी इथंही ठोकू शकते.

किलोमीटरवर चालणाऱ्या विम्याबद्दल एक. 2022 पासून असे प्रकार परवानगीनं विकले जातात, वर्षाला अमुक किलोमीटरपर्यंतच चालवणार म्हणून प्रीमियम कमी. भाचा कामाला मेट्रोनं जाणार, म्हणून त्याला पाच हजार किलोमीटरचा टप्पा भुरळ घालत होता. मी त्याला वहीत लिहून दाखवलं. बंगळूर इथून सहाशे किलोमीटरच्या वर. येऊन-जाऊन बाराशेच्या पुढं. गणपती, दिवाळी, चैत्रात जोतिबा, मे महिन्याची सुट्टी. चार फेऱ्यांतच पाच हजार किलोमीटर संपले, तिथं एक दिवसही गाडी न काढता. आपल्या माणसांनी हा विचार करून मगच तो पर्याय घ्यावा.

विम्यापेक्षा मोठा खर्च

नऊशे-हजाराच्या फरकावर डोकं शिणवताना मोठा आकडा नजरेआड होऊ देऊ नका. नंबर बदलायचा म्हणजे नव्या राज्यात रोड टॅक्स. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या नव्या पेट्रोल गाडीला आजीवन कर 14 टक्के आणि त्या करावर उपकर. जुन्या गाडीला वयाप्रमाणं टक्का उतरतो, तरी रक्कम दहा-दहा हजारांच्या पटीतच येते. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेल्या काळापुरता परतावा मिळतो, पण तिकडचा कर भरून नवीन आरसी हातात आल्यावर. म्हणजे आधी खिशातून घालायचे आणि मग मागायचे.

क्रम असा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची ना-हरकत. मग कोल्हापूर आरटीओकडून दुसऱ्या राज्यासाठीचं ना-हरकत पत्र, त्याचा अर्ज फॉर्म 28, त्यावर चासी नंबरचा पेन्सिलनं घेतलेला ठसा, सोबत पीयूसी आणि चालू विमा. तिथं गेल्यावर नव्या नंबरसाठी फॉर्म 27. या सगळ्या काळात विमा एक दिवसही खंडित झालेला चालत नाही, म्हणून मी भाच्याला सांगितलं, आधी नूतनीकरण, मग आरटीओ.

हा सगळा खर्च मांडल्यावर जुनी गाडी इथंच विकून तिकडं दुसरी घेणं परवडतं का, हेही एका ओळीत तपासा. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकताना कंपनीकडून बोनसचं पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला तो लावता येतो. पन्नास टक्के बोनस मिळवायला पाच वर्षं बिनक्लेम जातात, गाडीबरोबर तो सोडून देऊ नका. ज्यांची नोकरीच फिरतीची आहे, म्हणजे केंद्र-राज्य सरकार, लष्कर, किंवा चार-अधिक राज्यांत कार्यालयं असलेली खासगी कंपनी, त्यांनी बीएच मालिकेचा नंबर विचारावा. सप्टेंबर 2021 पासून ती सोय आहे, कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदललं तरी नंबर बदलायचा नाही. भाच्याच्या कंपनीची कार्यालयं दोनच राज्यांत, त्यामुळं त्याला ते लागू नव्हतं.

कंपनीला कळवणं

पॉलिसी अख्ख्या भारतात चालते. राज्य बदललं म्हणून ती रद्द होत नाही, नवी घ्यायची सक्ती नाही. पण पत्ता बदलला की कळवायचा आणि नंबर बदलला की पॉलिसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा. याला एंडोर्समेंट म्हणतात.

माझे एक दीर हुबळीला गेले, गाडी केए केली आणि विम्याचं विसरले. पाच महिन्यांनी धारवाडच्या रस्त्यावर ट्रकनं मागून ठोकलं. गाडीवर एक नंबर, पॉलिसीवर दुसरा. चासी नंबर तोच असल्यामुळं शेवटी क्लेम मिळाला, पण जुनी आरसी, नवी आरसी, ना-हरकत पत्राची प्रत, आरटीओचा दाखला हे सगळं गोळा करण्यात दोन महिने गेले आणि तोपर्यंत गाडी गॅरेजात. जाऊबाई रोज रिक्षानं शाळेला जायच्या. एका ईमेलचं काम होतं.

पत्त्याबाबत आणखी एक, मनापासून सांगते. काही जण प्रीमियम वाचवायला बंगळुरात कायमचं राहून कोल्हापूरचाच पत्ता आणि नंबर वर्षानुवर्षं ठेवतात. नऊशे रुपये वाचतात. पण क्लेमच्या वेळी सर्व्हेअरनं विचारलं, गाडी कुठं असते, तर खोटं बोलावं लागतं, आणि विम्याचा सगळा करार खरं सांगण्यावर उभा आहे. बोनसचंही तसंच. मागच्या वर्षी क्लेम घेतलेला असताना नव्या कंपनीला "घेतला नाही" सांगितलं तर ती जुन्या कंपनीकडं विचारते आणि मोठा क्लेम त्या एका वाक्यावर नाकारते.

मध्येच कंपनी बदलावीशी वाटली तर? 2024 मध्ये विमा नियामकानं नियम सोपा केला. वर्षाच्या मुदतीची पॉलिसी क्लेम न घेता मध्येच बंद केली तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात पैसे परत. थर्ड पार्टी सक्तीची असल्यानं आधी दुसरी पॉलिसी घेऊन दाखवावी लागते. गाडी तीन वर्षांच्या आतली असेल तर थर्ड पार्टी तीन वर्षांची आधीच भरलेली असते, मग फक्त ओन डॅमेजचे दर ताडायचे.

आणि तारीख. घर हलवताना हमखास चुकते ती हीच गोष्ट, कारण आठवणीचे मेसेज जुन्या नंबरावर जातात किंवा एजंटचा मोबाइल नोंदलेला असतो. पॉलिसी संपून नव्वद दिवस गेले की बोनस शून्य. आणि त्या नव्वद दिवसांतही गाडी रस्त्यावर असली तर बिनविम्याची, पकडलं तर पहिल्यांदा दोन हजारांचा दंड. भाच्याचा स्वतःचा मोबाइल आणि ईमेल पॉलिसीवर आहे का हे मी फोन करून खात्री केली. नव्हता. एजंटचाच होता, सहा वर्षं.

तिसऱ्या कंपनीची पॉलिसी घेतली, 9,780 भरले. कागद आल्यावर आम्ही दोघांनी कोटेशनशी ओळ ओळ जुळवली: आयडीव्ही, बोनस, झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, चासी नंबराचे सगळे आकडे. चासीत एक आकडा चुकलेला निघाला, त्याच दिवशी दुरुस्त करून घेतला. कंपॅरेटिव्हचा कागद, पॉलिसी आणि नंबर बदलल्यावर कंपनीला पाठवायच्या ईमेलचा मजकूर असं एका पाकिटात घालून डॅशबोर्डात ठेवलं. पाकिटावर आणखी एक ओळ लिहिलीय, फास्टॅगवरही नवा नंबर चढवणे.